सुरंगवाडीतले दोन दिवस, मल्होत्रा या नावाने

मुलीने आम्हाला सावकाश व्हायला सांगितलं. ईरा गुरुग्रामला एका काचेच्या इमारतीत काम करते आणि तिथे सध्या सगळेच जण सावकाश होण्याच्या घाईत आहेत. "आई, तू आणि बाबा जरा स्लो डाउन करा यार," ती जेवताना म्हणाली. तिचे बाबा, म्हणजे मुकुंद, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आहेत. त्याहून सावकाश होणं प्रशासकीयदृष्ट्या शक्य आहे का, हे मी विचारलं नाही. तोवर तिने फोनवर समुद्रकाठची एक खोली बुक करूनही टाकली होती. शुक्रवार ते रविवार, सिंधुदुर्गात, शिरोड्याच्या जवळ.

घराचं नाव 'मंद'. फोटोत करड्या सिमेंटची जमीन, वेताचे दिवे, पांढऱ्या सुती चादरी आणि एका लाकडी बाकावर एकटाच नारळ. खाली इंग्रजीत, इथे काहीही करावं लागत नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं. संस्कृतात मंद म्हणजे हळू, मंद म्हणजे बुद्धीनं बेताचा आणि मंद म्हणजे शनीही. तीनही अर्थांनी आम्ही पात्र होतो, म्हणून निघालो.

मयूर विहारहून सकाळचं विमान गाठायचं तर पहाटे निघावं लागतं. सावकाशपणाची सुरुवात गजर लावून होते. दिल्लीहून थेट गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरा, जुन्या दाबोळीला नको, तिथून उलटं यावं लागतं. मोपाच्या बाहेर टॅक्सी घासाघीस करत बसू नका. घरवाल्यांना आधीच गाडी पाठवायला सांगा, तेवढ्याच पैशांत शांतता मिळते. सातार्डा आलं की गोवा संपतो. दारूची दुकानं अचानक थांबतात आणि काजूच्या बागा सुरू होतात. मळेवाडपर्यंत रस्ता चांगला, पुढे अरुंद आणि वळणाचा. उलटी होणाऱ्यांनी पुढे बसावं. मुकुंद पुढे बसले.

आता एक कबुलीवजा माहिती. आमच्या घराचा एक जुना नियम आहे: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. कुणी केला नाही, दिल्लीने करवला. भाजीवाला, लिफ्टमधले शेजारी, डॉक्टर, सगळे हिंदीत. इतकी वर्षं झाली की चप्पल पायात सरकवली की जीभ आपोआप बदलते. मोपाला उतरल्यावर चप्पल पायात होतीच. गाडीवाल्याशी मुकुंद पूर्ण रस्ताभर हिंदीत बोलले. तोही बिचारा गोड हिंदीत उत्तरं देत राहिला. आपण महाराष्ट्रात शिरलो आहोत हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याही जिभेला कळलं नाही.

सुरंगवाडी म्हणजे शे-दीडशे माडांमध्ये विखुरलेली घरं, एक किराणा दुकान आणि सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. 'मंद'च्या दारात शमिका उभी होती. तिशीची, सुती साडी, केसात काही नाही, हातात कोकम सरबताचे दोन मातीचे पेले. घर तिच्या सासरचं. नवरा गोव्यात हॉटेलात नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. हे सगळं चालवते ती एकटी.

"वेलकम, मल्होत्राजी," ती म्हणाली.

मल्होत्रा हे आमच्या जावयाचं आडनाव. ईराने खोली स्वतःच्या नावावर घेतली होती. मुकुंदनी हे सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "नमस्ते जी, बहुत अच्छी जगह है आपकी."

तेवढ्यात मागच्या दारातून एक म्हातारी आली. नऊवारी नाही, गाऊन, त्यावर टॉवेल. ही शमिकाची सासू, जिला सगळी वाडी माई म्हणते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "ह्या बायचां तोंड बघ गो. खारवलेल्या बांगड्यासारख्यां झालां हा."

"माई, गप रवा."

"दिल्लीच्या माणसांका काय मालवणी कळता?"

मला कळली. माझं माहेर अलिबागकडचं, आणि खारवलेला बांगडा मी पाहिलेला आहे. आता विचार करा, या वाक्यानंतर कोणती बाई म्हणेल की अहो, आम्ही मराठीच? मी पेला उचलला आणि म्हणाले, "थँक यू जी." मुकुंद माडाकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

खोली मात्र खरोखर देखणी आहे. लाल मातीच्या रंगाच्या भिंती, उशाला एकच फूल, साबणसुद्धा घरी केलेला. टीव्ही नाही. वायफाय आहे पण समुद्राच्या बाजूला झोपतं. एका कार्डावर दिवसाचा कार्यक्रम छापलेला: सकाळी समुद्राशी मौन, दुपारी पानांचा आवाज, संध्याकाळी काहीच नाही. मुकुंद म्हणाले, "आमच्या सेक्शनचा ड्यूटी चार्ट आहे हा."

दुपारी जेवण आलं: पनीर बटर मसाला, जिरा राइस, तंदुरी रोटीसारखं काहीतरी. वाईट नव्हतं. मयूर विहारच्या कुठल्याही लग्नात चाललं असतं. पण आम्ही अरबी समुद्राच्या आवाजात बसलो होतो आणि स्वयंपाकघराकडून तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा, म्हणजे घट्ट तिखट कालवणाचा, वास येत होता. पुराणातला मत्स्यदेश अलवर-जयपूरकडे होता, म्हणजे आमच्या दिल्लीच्या दाराशी. तिथे मासा औषधाला मिळत नाही. जिथे मिळतो तिथे आम्हाला पनीर. मी दोन घास खाल्ले, मुकुंदनी चार, आणि ताटं सरकवली.

आमच्या खोलीची मागची खिडकी स्वयंपाकघराच्या पडवीवर उघडते. हे त्या कार्डावर छापलेलं नाही. दुपारी पानांचा आवाज ऐकायला पडले तर कानावर आलं ते असं.

"भावोजी रविवारी पार्टीक घेवन येतले," शमिका म्हणत होती. "माई, तुमी काय सांगतलात?"

"घर माझ्या नावावर आसा. मी ठरयतलंय."

"ह्यो शिझन बघूया म्हणाला होतात."

"शिझनच बघतंय. ह्या घरात तुझ्या पावण्यांका माझ्या हातचां चलणा नाय. सगळां बाहेरचां, व्हिडिओ बघून केलेलां. मगे घर ठेवन करूचां काय? पार्टी तरी सांभाळीत."

"लोकांका घरचां नको आसता हो. स्टाईल व्हयी आसता."

"मगे ह्या दिल्लीवाल्यांचां ताट अर्धां परत कित्याक इलां?"

मी अंथरुणात पाय जवळ घेतले. प्रकरण असं होतं: धाकटा दीर मुंबईहून एका हॉटेलवाल्याला घेऊन येणार, घर लांबच्या भाडेकराराने देण्याविषयी. माई रविवारी होय किंवा नाही म्हणणार. होय म्हणाली तर शमिकाचं 'मंद' संपलं, आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला या आठवड्यात आम्हीच होतो. खोट्या आडनावाचे, उष्टं टाकणारे.

"तू सांगून टाक ना यार," मुकुंद संध्याकाळी वाळूत म्हणाले.

"तुम्ही सांगा. हिंदी तुम्ही सुरू केलीत."

"आता कसं? फाइल पुढे गेली आहे."

समुद्राविषयी लिहायलाच हवं, नाहीतर हा ब्लॉग कसला. सुरंगवाडीचा किनारा रुंद, सपाट आणि रिकामा आहे. घोडा नाही, बनाना बोट नाही, मक्याचं कणीस नाही. ओहोटीला वाळू इतकी चकाकते की आकाश दोनदा दिसतं. बारीक खेकडे आपापल्या बिळांसमोर वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवतात आणि भरतीला ती बिनतक्रार पुसू देतात. पोहायचं असेल तर गावातल्या कुणाला विचारून. उत्तरेच्या टोकाला पाण्याला ओढ आहे. मुकुंदनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अकोल्यात जन्मलेल्या माणसाच्या सावधपणाने समुद्राला पाय लावले. आठवड्याभरात पहिल्यांदाच त्यांनी फोन पाहिला नाही. स्लो डाउन झालं होतं, मान्य करते.

शनिवारी सकाळी शमिकाने स्कूटर दिली. वेंगुर्ल्याचा बाजार बघायचाच असेल तर लवकर जा. उन्हं वर आली की मासळी संपते आणि उरतात काजूगरांची दुकानं. फेब्रुवारीत तिथे बायका सुरंगीचे वळेसार विकतात. लहान, पिवळसर, गर्द वासाचे गजरे. घेतलाच तर दिवसभर डोक्यात राहू द्या. वास संध्याकाळपर्यंत वाढत जातो. मी घेतला. गजरेवालीने विचारलं, "खंयच्या तुमी?" आणि मी, सवयीने, "दिल्ली से." मग स्कूटरवर मुकुंदच्या मागे बसून स्वतःलाच चार शब्द सुनावले. तेही हिंदीत.

दुपारी पास्ता आला, वर काजूचे काप आणि कढीपत्ता. शमिका शेजारी उभी राहिली. "आप लोग कल से कम खा रहे हो," ती जपून, शब्द निवडत म्हणाली. "कुछ और बनाऊँ?"

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. पण पडवीच्या दारात माई उभी होती, कमरेवर हात ठेवून, आमच्या ताटांकडे बघत. तिच्यासमोर पास्ता नको म्हणून सुनेला उघडं पाडायचं नव्हतं. मी म्हणाले, गर्मी है, भूख नहीं लगती. फेब्रुवारीत. शमिकाने मान हलवली, आणि तिच्या चेहऱ्यावर एक अशी गोष्ट आली जी मी ऑफिसमध्ये बदलीची ऑर्डर वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

सूर्य मावळताना ती आम्हाला किनाऱ्यावर चहा घेऊन आली. मेणबत्ती वगैरे होती. वाऱ्याने ती विझली तशी शमिका एकदम खाली वाळूत बसली आणि विचारलं, "आप फिर आओगे ना? सच बोलो, मल्होत्राजी. बुरा नहीं लगेगा."

मुकुंदनी खरं सांगितलं. समुद्रासाठी येऊ, घरासाठी येऊ, पण जेवणासाठी नाही. सरकारी माणूस चुकून खरं बोलला की ते असं बोलतो. शमिका हसली, चहाचे कप उचलले आणि गेली.

"बिल्कुल सत्यानाश केलात," मी म्हणाले.

"तिने सच बोलो म्हटलं."

थोड्या वेळाने मागच्या खिडकीतून माईचा आवाज आला, जरा मऊ. सुनेशी ती इतकी मऊ बोलते हे मला तेव्हाच कळलं. "जावंदे गो. तू लय केलंस. उद्या मी होय सांगतंय. दमलंस तू."

भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

रविवारी सकाळी मी समुद्राशी मौन पाळलं नाही. आंघोळ केली, आणि मागच्या दाराने पडवीत गेले. माई जमिनीवर विळी घेऊन बांगडे साफ करत होती. पाट्यावर मिरच्या आणि धणे वाटलेले, बाजूला वाटीत तिरफळं. मी चप्पल बाहेर काढली आणि उंबऱ्याच्या आत आले.

"माई," मी म्हणाले, "शुक्रवारपासून या वासावर जगतेय मी. मला थोडं तिखलं वाढाल का?"

विळीवरचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. मग केली.

"तुमी मराठी?"

"हो."

"मगे सगळां ऐकलात?"

"खारवलेल्या बांगड्यापासून."

मला वाटलं होतं की ती हसेल. अशा गोष्टींत म्हाताऱ्या हसतात. ती नाही हसली. ती भडकली. दुसऱ्याच्या घरात राहून चोरून ऐकणारी माणसं तिने पाहिली नव्हती. शिकलेली माणसं तर नाहीच. तिने खायला घातलं असतं की नाही हे विचारायची तोंडं नव्हती का आम्हाला. हे सगळं मालवणीत, आणि आता मला कळतंय हे माहीत असल्यामुळे दुप्पट वेगाने. मी ऐकून घेतलं. बरोबरच बोलत होती.

आवाजाने शमिका धावत आली. तिला सगळं समजायला क्षणभर लागला. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मॅडम, मी दोन दिवस हिंदी बोलतेय तुमच्याशी. रोज व्हिडिओ लावून वाक्यं म्हणून बघते मी. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, सांगावं?"

माईच्या सगळ्या शिव्या मी पचवल्या होत्या. हे नाही पचलं. मी माफी मागितली, आणि मग जे सांगायला आले होते ते सांगितलं: ताटं परत आली त्यात शमिकाचा दोष नव्हता. पनीर आम्हाला घराखालच्या दुकानात मिळतं. आम्ही उपाशी राहिलो ते शेजारच्या चुलीवर बांगडा शिजत होता म्हणून.

माईने विळी मिटली. मग सुनेला म्हणाली, "त्येका पण बोलाव. तुझ्या मल्होत्राक."

आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. उकड्या तांदळाचा भात, तिखलं, सोलकढी, एक लोणच्याची फोड. शमिका दारात उभी, ओशाळलेली. पाहुण्यांना चुलीजवळ बसवणं तिच्या कार्डात कुठेच नव्हतं. तिखल्याबद्दल मी एवढंच सांगते की तिरफळ जिभेला किंचित बधीर करतं आणि त्यामुळे माणूस थोडा वेळ वाद घालू शकत नाही. आमच्या संसाराला ते आधीच मिळायला हवं होतं.

"ह्या खाऊक दिल्लीसून लोक येतले?" माईने विचारलं.

"सगळे नाही येणार. मी येईन, माझं माहेर अलिबागकडचं."

"तू येतलंस. तुझां माहेर अलिबागचां. ह्यो?"

'ह्यो' म्हणजे मुकुंद, अकोल्याचे, ज्यांनी दिल्लीत आयुष्यभर फक्त बिनकाट्याचा फिश टिक्का खाल्ला होता. ते एका बांगड्याकडे अपूर्ण टिपण आल्यासारखे बघत होते. "माई, मी अकोल्याचा, मला काटे काढता येत नाहीत," ते म्हणाले. "पण भात अजून घेतो. हे कालवण बहोत... फार चांगलं आहे."

"अकोल्यात कोण शिकवूक नाय?" असं म्हणून तिने त्यांचं ताट स्वतःकडे ओढलं, आणि बोटांनी मासा उघडून, मधला काटा एका झटक्यात वेगळा करून, ताट परत सरकवलं. मुकुंद निवृत्तीच्या जवळ आलेले गृहस्थ आहेत. ते निमूट जेवले. माई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि दुसरा बांगडाही तसाच सोलून ठेवला.

तेवढ्यात खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, गाडी थांबली. भावोजी आले, मागून पार्टी: पांढरे बूट, गडद चष्मा, आल्याआल्या छपराचे वासे मोजणारी नजर. "आये, बाहेर ये," भावोजींनी हाक मारली. "पार्टीक वेळ नाय."

माईने मुकुंदच्या ताटात भात वाढला.

"आये."

"पावणे जेवतत," ती आतूनच म्हणाली. "त्येंका खळ्यात बसव. शमिका, सरबत दी." जरा थांबून: "आणि मातीच्या पेल्यातच दी."

पार्टी खळ्यात बसली. आम्ही जेवत होतो तोवर ती बसलीच होती. शेवटी माईने हात धुतले, पदर नव्हता तर टॉवेल खांद्यावर नीट केला आणि बाहेर गेली. ती काय म्हणाली हे आम्ही ऐकलं नाही. शपथेवर सांगते, खिडकी बंद केली होती मी. भावोजींचा आवाज चढला, उतरला, आणि गाडी निघाली. शमिका सामान गाडीत ठेवायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "पावसापर्यंत थांबूया म्हणाल्या. पुढचं पुढे." मग, मला पहिल्यांदाच नीट न्याहाळत, "पण जेवण मी नाही, त्या करणार. म्हणजे आता मला त्यांच्या तालावर नाचायचंय." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, पण तक्रार नव्हती असंही म्हणवत नाही.

परतीचं विमान संध्याकाळचं घ्या. दिल्लीत उतरल्यावर नाकात पहिला श्वास जातो तेव्हा कळतं की दोन दिवस काय घेत होतो. टॅक्सीत मुकुंदनी "मयूर विहार, फेज वन" म्हटलं आणि फोन काढला.

जाऊ का, असं तुम्ही विचारणारच. जा. खर्च म्हणाल तर विमान सोडून दिल्लीतल्या एका बऱ्या हॉटेलच्या दोन दिवसांइतका. आगाऊ ठरवलं तर विमानही परवडतं. ऑक्टोबर ते मार्च उत्तम. तिथल्या माणसांशी मराठीत बोला. येत नसेल तर हिंदीत बोला, पण जेवण मागून घ्या. माझ्यापुरतं सांगायचं तर समुद्र मनात राहिला नाही, तो फोटोत आहे. राहिली ती शमिका वाळूत बसून खरं विचारत होती ती संध्याकाळ. तिचा प्रश्न साधा होता, आणि आम्ही दोघं तिला परक्या भाषेत आणि परक्या नावाने उत्तर देत होतो. याला शहाणपण म्हणत नाहीत. मी तिला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे हो मॅडम, तेव्हा मला तुमच्या हिंदीचीच भीती वाटत होती."

तो फोन होळीनंतरचा. गुरुग्रामचं एक जोडपं येऊन गेलं होतं. त्यांनी बांगडा काट्याचमच्याने खायला घेतला तशी माईने चमचे उचलून नेले. जोडप्याने ते दृश्य चित्रित करून जगाला दाखवलं आणि पुढचे सगळे शनिवार-रविवार भरले. शमिकाला ते आवडलेलं नाही, तिचे वेताचे दिवे कुणी बघत नाही म्हणते. सासू-सुनेचं रोज वाजतं.

"आणि पार्टी?" मी विचारलं.

"आली होती ना परत. गेल्या आठवड्यात."

"मग?"

"खोली घेऊन राहिली. दोन वेळा जेवली. निघताना पुन्हा घराचं विचारलं." तिचं हसू फोनमधून ऐकू आलं. "माई म्हणाल्या, घर मिळूचां नाय. बांगडो व्हयो आसलो तर आदल्या दिवशी सांगा."